कॉफीला उपाशीपोटी यावे

आठवडाभर माणसांना झोपवायचं आणि रविवारी सकाळी उरलेल्यांना जागं करायचं, असा दुहेरी धंदा करणारा माणूस साऱ्या आयर्लंडात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ आहे. कासलबारच्या हॉस्पिटलात तो भूलतज्ज्ञ आहे. नात्याने माझा मेव्हणा, पण वयाने मोठा, म्हणून बायकोच्या मागोमाग मीही त्याला दादा म्हणतो आणि तो मला जावईबापू म्हणतो. जावयाचा मान मात्र त्याच्या घरात मला कधी मिळालेला नाही. त्या घरात मान एकाच पाहुण्याला आहे, आणि तो पाहुणा जमैका बेटावरच्या ब्लू माउंटनमधून लाकडी पिंपात बसून येतो. कॉफीच्या दाण्यांचं पिंप आलं की दादा दोन्ही हातांनी ते आत आणतो, टेबलावर ठेवतो आणि घरातल्यांना हळू बोलायला सांगतो. हाच माणूस मिरजेला शिकत असताना कँटीनचा उकळून काळा पडलेला चहा बशीत ओतून भुरके मारत प्यायचा. त्याचे साक्षीदार अजून हयात आहेत, पण त्यांना आता रविवारचं बोलावणं नसतं.

जमैकाला दादा कधी गेलेला नाही. तरी त्या डोंगराविषयी तो आपल्या गावच्या शिवाराविषयी बोलावं तसा बोलतो. तिथे म्हणे दुपारपासूनच धुकं उतरतं, ऊन गाळून गाळून झाडावर पडतं, त्यामुळे फळ सावकाश पिकतं आणि सावकाश पिकल्यामुळे दाण्यात गोडी उतरते. "आपल्या मेयो जिल्ह्यातही तेच आहे बघ," तो खिडकीबाहेर हात करून म्हणतो. "डोंगर आहे, धुकं आहे, पाऊस तर विचारूच नकोस. ऊन तेवढं यायचं राहिलंय." ही उणीव त्याने स्वतःच्या घरापुरती भरून काढली. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल, चादरी तिथे उबेला ठेवायच्या. दादाने एका सकाळी सगळे टॉवेल बाहेर काढले आणि आत दिवा लावून कॉफीचं रोप ठेवलं. तेव्हापासून त्या घरात मुक्कामाला गेलं की आंघोळीनंतर दमट टॉवेल मिळतो. वहिनींनी तक्रार केली तर म्हणाला, "टॉवेल काय, कुठेही वाळतो. ते बिचारं परदेशात आलंय."

त्याच्याकडे कॉफी प्यायला जायचं म्हणजे ऑपरेशनला जाण्याइतकी तयारी लागते. उपाशीपोटी यायचं. पेपरमिंटच्या टूथपेस्टने दात घासायचे नाहीत, अत्तर मारायचं नाही, सर्दी असली तरी नाकाला बाम लावायचा नाही. दारातच तो पाहुण्याच्या खांद्याजवळ नाक नेऊन हुंगायचा आणि प्रश्न विचारायचा, "शेवटचं काय खाल्लं? किती वाजता?" एकदा मी घरून कांदापोहे खाऊन गेलो होतो. "पोहे. वरून लिंबू पिळलंय," त्याने उंबऱ्यावरच निदान केलं आणि मला पावसात फेरी मारायला पिटाळलं. मी तळ्याला वळसा घालून परत येईपर्यंत आत सगळ्यांची कॉफी पिऊन झाली होती.

आत गेल्यावरही कॉफी लगेच मिळते असं नाही. दाणे काट्यावर तोलायचे, दळायचे, कागदाच्या गाळणीत घालायचे, थर्मामीटर लावलेल्या किटलीने त्यावर बारीक धार धरायची. हे चालू असताना बोलायचं नाही. मग काचेच्या सुरईत जमलेली कॉफी लहान कपांत यायची, बिनदुधाची, बिनसाखरेची. साखर मागितली तर दादा पेशंटने सिगारेट मागितल्यासारखं बघायचा. पहिला घोट घेऊन तो डोळे मिटायचा आणि सांगायला लागायचा. "आधी मोसंब्याची साल. मग थोडं चॉकलेट. आणि घोट उतरल्यावर, आता थांब हं, आता जाई. संध्याकाळी नुकती उमललेली जाई." आम्ही थांबायचो. माझं प्रामाणिक मत असं होतं की कॉफीला एकच चव असते आणि ती कडू असते, पण ते मी जावई असूनही कधी बोललो नाही. कप निवू दिलेला त्याला खपत नसे. गप्पांच्या नादात कोणाचा कप थंड झाला, तर तो हातातून काढून घेऊन सिंकमध्ये ओतायचा.

या रविवारच्या बैठकीत दादाला सर्वांत जास्त छळलं असेल तर ते शेजारच्या टॉमने. टॉम म्हातारा शेतकरी, एकटा राहतो, दिवसभर दुधाचा चहा पितो आणि रविवारी चर्चमधून परस्पर दादाकडे येतो. दादा त्याला दर वेळी आशेने विचारायचा, कशी आहे आजची? टॉम घोट घ्यायचा, छताकडे बघायचा, आणि म्हणायचा, "ग्रँड." पावसालाही तो ग्रँड म्हणतो, गाय व्याली तरी ग्रँड, गुडघा दुखतोय का विचारलं तरी ग्रँड. "अरे पण ग्रँड म्हणजे काय?" दादा नंतर आमच्यापाशी मराठीत तडफडायचा. "जाई आली का नाही त्याला? एवढंच सांग म्हणावं."

मागच्या हिवाळ्यात दादाला सर्दी झाली. जबरी होती, पण गेली. त्यानंतर त्याच्यात थोडा फरक पडल्यासारखं वाटलं. दारात हुंगणं बंद झालं. मी मुद्दाम भजी खाऊन गेलो, तरी "या जावईबापू" म्हणून सरळ आत घेतलं. वहिनींची डाळ गॅसवर करपली तेव्हा पलीकडच्या खोलीतून त्या धावत आल्या आणि हा तिथेच गॅसशेजारी उभा राहून पेपर वाचत होता. आम्हाला वाटलं, वय झालं, निवळला. वहिनी तर खूश होत्या. "आला बाबा एकदाचा माणसांत," असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्यासुद्धा. कॉफीचं कीर्तन मात्र पूर्वीसारखंच चालू होतं, मोसंबं, चॉकलेट, जाई, सगळं क्रमवार.

मग वसंतात कराडहून मावशी आली, दादाची आई. तिने आल्या आल्या रिकामं पिंप बघितलं आणि त्यात कांदे भरून ठेवले. हॉट प्रेस उघडून विचारलं, "ह्ये झाड कपाटात कशापायी कोंडलंय?" पहिल्या रविवारी मुलाची सगळी पूजा तिने हनुवटीला हात लावून बघितली. घोट घेतला आणि म्हणाली, "चांगली हाय रं. औषध म्हणून चांगली हाय." मावशीच्या घरी कॉफी ही रोजची गोष्ट नव्हे. एखादा मोठा पाहुणा आला, कोणी आजारातून उठलं, परीक्षेला पोरगा जागायला बसला, तर कॉफी. आणि ती दुधातली, गोड, वरून जायफळ. जायफळ नसेल तर तिच्या लेखी ती कॉफीच नव्हे.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो होतो. सुरई भरली होती, एवढ्यात टॉमने बेल वाजवली आणि दादा दार उघडायला गेला. मावशी शांतपणे उठली, तिने पिशवीतून जायफळ काढलं, किसणी घेतली आणि सुरईत चांगलं भरपूर किसलं. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. साऱ्या खोलीत पुरणाचा वास सुटला. आता काय होणार म्हणून मी खुर्ची जराशी मागेच घेतली. दादा टॉमला घेऊन आला, त्याने कप भरले, नेहमीप्रमाणे घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाला, "आधी मोसंब्याची साल. मग थोडं चॉकलेट. आणि आता, थांबा हं, आता जाई."

तो वास नाकात शिरून डोक्यापर्यंत जात होता आणि त्याच्या मधोमध बसून हा माणूस आम्हाला जाई सांगत होता. टॉमने कप हुंगला, पुन्हा हुंगला, तोंड उघडलं. मग त्याने आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं, दादाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "ग्रँड." निघताना फाटकाशी त्याने मला हळूच सांगितलं की त्याची आई राइस पुडिंगवर तेच किसायची. त्या दिवसापासून मी टॉमच्या 'ग्रँड'ला हसणं सोडलं.

मावशीने आम्हाला स्वयंपाकघरात गाठलं. "त्याला वास येत न्हाय," ती म्हणाली. "आल्यापासनं बघतीय मी. फोडणी घातली की हा शिंकायचा, आता शिंकत न्हाय." वहिनी रडायलाच लागल्या. तोंडावर विचारूया असं माझी बायको म्हणाली, पण मावशीने मान हलवली. "लपवतोय तर लपवू दे. लाज वाटत असंल. त्या नाकावर तर सगळी ऐट हाय त्येची. आपुन दर ऐतवारी जायफळ घालायचं. ज्या दिशी कळंल त्या दिशी वरडंल. वरडू दे." त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना एकाच गोष्टीची आस लागली, दादा आमच्यावर ओरडेल याची.

तो ओरडला नाही. मावशीचा व्हिसा संपला आणि ती परत गेली. जाताना जायफळं माझ्या बायकोच्या ओंजळीत घालून म्हणाली, "पोरी, चुकवू नको." बायकोने चुकवलं नाही. कोणीतरी दादाला बोलण्यात गुंतवायचं आणि तिने किसायचं. वहिनी त्याला हॉट प्रेसमधलं रोप दाखवायला नेत, टॉम तर एकदा गुडघा दाखवत बसला. मग आम्ही पुरणाच्या वासाची कडू कॉफी पीत बसायचो, दादा जाई आली म्हणायचा आणि आम्ही माना डोलवायचो. मला त्या माना डोलवण्याचं फार वाईट वाटायचं. एवढा बोलका माणूस, आणि आपल्या घरच्यांत बसून पाठ केलेलं म्हणत होता.

मग पानं गळायला लागल्यावरच्या एका रविवारी त्याने कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. घोट घेतलाच नाही. पुन्हा नाकाशी नेला. "जायफळ," तो म्हणाला. आम्ही सगळे टेबलाकडे बघत राहिलो. "हे जायफळ आहे. माझ्या कॉफीत जायफळ कोणी घातलं?" बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि मध्येच फाटला.

"आईंनी," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे, तेव्हापासून आम्ही."

"तेव्हापासून? आई होती तेव्हापासून?" त्याच्या डोक्यात हिशेब चाललेला दिसत होता. "आणि मी जाई म्हणत होतो. तुम्ही माना डोलवत होतात."

"तू सांगत होतास ना दादा," माझी बायको म्हणाली. टॉमला मराठी कळत नाही, पण त्याने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

दादाने तिथूनच कराडला फोन लावला. तिकडे दुपार होती, मावशी झोपेतून उठली होती. "आई, तू माझ्या कॉफीत जायफळ घातलंस?" त्याने दरडावून विचारलं. "घातलं. मग?" मावशी म्हणाली. आणि मग एकदम, "आला व्हय रं वास?" दादा फोन घेऊन हॉट प्रेसकडे गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

आता दारात हुंगणं पुन्हा सुरू झालंय, पण नेम चुकतो. मागे मी लसणाची चटणी खाऊन गेलो तर त्याने 'संत्रं' म्हणून निदान केलं आणि मी ते मान्य करून पावसात फेरी मारून आलो. जायफळ येतं, फोडणी येते, साबण कधी येतो कधी नाही. जाई अजून आलेली नाही. ते तो आता उघड सांगतो. सुरईत कोणी काही घालत नाही. तो आमचे कप भरतो आणि आमच्या तोंडाकडे बघत बसतो, "काय येतंय ते सांगा. खोटं नको." म्हणून मी खरंच उपाशीपोटी जातो, दात नुसत्या पाण्याने चोळतो, आणि इतकी वर्षं जे केलं नाही ते करतो, घोट घेऊन चव शोधत बसतो.

गेल्या रविवारी घोट उतरला, आणि नंतर, अगदी मागाहून, काहीतरी आलं. मी दचकलोच. "दादा," मी म्हणालो, "जाई."

"घोटाच्या आधी का नंतर?" त्याने लगेच विचारलं.

"नंतर. उतरल्यावर."

"बरोबर," तो म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले आणि मला आणखी सांगायला सांगितलं. मी सुचेल तसं सांगत राहिलो, तो ऐकत राहिला. त्याचा स्वतःचा कप हातातच निवून गेला होता आणि तो कोणीही काढून घेतला नाही.