अठ्ठेचाळीस टक्क्यांचा खुलासा

सटवाजी लोह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत आला तो हळदीची पिवळी पडलेली पानं मुठीत धरूनच. ती त्यानं सुकन्याच्या टेबलावर आपटली.

"तुमच्या कागदावर लिवलं म्हणून चुना टाकला म्या. आता ह्याचं काय करू, सांगा."

सुकन्यानं रजिस्टर उघडलं. सटवाजीच्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, तिनं स्वतः काढला होता, आठ पूर्णांक चार. असल्या आधीच चुनखडीच्या मातीत चुना टाका असं कुणी शुद्धीवरचा माणूस सांगणार नाही. टाइप करताना दुसऱ्याच नमुन्याचा सल्ला त्याच्या अहवालात आला होता. तिनं ते पाहिलं होतं, अनिमेषला सांगितलंही होतं. अनिमेष एम.एस्सी. झालेला. दर शनिवारी नांदेडहून यायचा, तासाभरात आठवड्याच्या साऱ्या अहवालांवर सह्या ठोकायचा आणि जायचा. "सही कोण करतं, मी का तू?" एवढंच तो म्हणाला होता.

प्रयोगशाळेच्या मालकांनी रजिस्टर बघितलंसुद्धा नाही.

"अनिमेष सर एम.एस्सी. हायेत. तू बी.एस्सी., तेही अठ्ठेचाळीस टक्क्यांवर. मी कुणाचं ऐकावं? माफी माग ह्या शेतकऱ्याची."

तिनं माफी मागितली. सहा वर्षं माती वाळवणं, चाळणं, तपासणं सगळं तिनंच केलं होतं, आणि आज हात जोडून उभीही तीच राहिली. सटवाजी शिव्या घालत गेला. त्याचं काही चुकत नव्हतं. दुपारी डबा न उघडताच तिनं मोबाइलवर नांदेडच्या एका रसायनशास्त्र विभागाचा एम.एस्सी.चा अर्ज भरला. वय एकतीस. रागाच्या भरात जन्मतारीख दोनदा चुकली.

मूळ मार्कशीट लातूरला घरी होत्या. रविवारी ती गेली.

तिचा मोठा भाऊ मल्लिनाथ लातुरात फिजिक्सचा क्लास चालवतो. क्लासच्या दारावर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. त्या गावात माणसाची ओळख मार्कांनीच निघते, आणि मल्लिनाथच्या घरात तर जास्तच. बहीण काय करते असं कुणी विचारलं की तो "नांदेडकडं सर्व्हिसला हाय" म्हणून विषय बदलायचा.

"कशाला पायजेत मार्कशीट?" त्यानं विचारलं.

"एम.एस्सी.ला अर्ज केलाय."

"तू?" तो हसला. "दोन वर्षांत पाच विषय राहिले होते तुझे. आता कोण घेणार हाय तुला?"

"राखीवला पंचेचाळीस टक्के चालतात. प्रवेश परीक्षा हाय, मुलाखत हाय."

त्यानं अर्जाची प्रिंट ओढून घेतली. शेवटच्या पानावर एक रकाना रिकामा होता: पदवीतील कमी गुणांबाबत खुलासा. मल्लिनाथ वाचून म्हणाला, "इथं अव्वाचं आजारपण लिही. आई अंथरुणाला खिळली होती, घरचं सगळं माझ्यावर होतं, असं. चालतं ते. माझ्या पोरांना मी हेच लिहायला लावतो."

त्यांची अव्वा, रत्नम्मा, शेजारीच शेंगा फोडत बसली होती. चांगली धडधाकट. "माझं कशाला नाव घेता रे?" ती म्हणाली.

"मी खोटं लिहिणार न्हाई, अण्णा."

"मग खरं काय लिहिणार? खरं लिहिण्यासारखं हाय का काही?"

खरं असं होतं. बारावीनंतर वडिलांनी, अप्पांनी, तिला डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी दोन वर्षं घरात बसवलं. दोन्ही वर्षं नंबर लागला नाही. मग तिला न विचारता बी.एस्सी.ला टाकलं आणि जेवताना रोज तिच्यासमोर दुसऱ्यांच्या मुलींची नावं घेतली. सुकन्यानं ठरवून अभ्यास सोडला. घरून डबा घेऊन निघायची आणि बसस्टँडच्या बाकावर तीन-तीन तास बसून राहायची. नापास झाल्याचा कागद अप्पांसमोर ठेवताना तिला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं किती महागात पडणार, हे तेव्हा कळलं नाही.

मार्कशीट मिळाल्या, पण मल्लिनाथनं त्या तिच्या हातात दिल्या नाहीत. टीपॉयवर टाकल्या. "क्लासचं नाव कुठं घेऊ नको," एवढं बजावलं.

खुलाशाच्या रकान्यात तिनं दोनच ओळी लिहिल्या. 'मी त्या काळात अभ्यास केला नाही. कारण राग होता, दुसरं काही नाही.'

प्रवेश परीक्षा बरी गेली. मुलाखतीला तिघं बसले होते. मधोमध विभागप्रमुख सौदामिनी मॅडम. त्यांनी चष्मा लावून तो रकाना मोठ्यानं वाचून दाखवला.

"राग कुणावर?"

"घरच्यांवर."

"आणि आता कुणावर आहे?"

सुकन्या म्हणाली, "जिथं काम करते तिथल्यांवर."

"म्हणजे तेव्हा रागानं शिकणं सोडलं आणि आता रागानं शिकायला आलात. इथली जागा तुमच्या भांडणांसाठी नाही."

दुसऱ्या सरांनी क्वांटमचा एक साधा प्रश्न विचारला. तिला आला नाही. आणखी एक विचारला, तोही नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. तिसऱ्या सरांनी सहज विचारावं तसं विचारलं, चुनखडीच्या जमिनीतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजताना कुठं चुकतं? सुकन्या बोलायला लागली ती थांबलीच नाही. द्रावण कुठलं घ्यायचं, किती वेळ हलवायचं, उन्हाळ्यात रंग लवकर का उतरतो, तिनं स्वतः तेच नमुने तीनदा तपासून कसं पडताळलं, सगळं सांगितलं.

"हे प्रयोगशाळा सहायकाचं ज्ञान झालं," मॅडम म्हणाल्या. "शास्त्र वेगळं."

"असेल मॅडम. पण एम.एस्सी. झालेल्या माणसानं आठ पूर्णांक चार सामूच्या जमिनीला चुना सांगितला आणि त्याच्यावर सही केली. त्याला हे ज्ञान नव्हतं."

"या तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या यादीत नाव नव्हतं. दुसऱ्या यादीतही नव्हतं. प्रतीक्षा यादीत चौथी. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी विभागातून फोन आला, चारपर्यंत या. ती लोह्याहून मिळेल त्या जीपनं निघाली. मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जायचं असंल तर परत यायचं न्हाई." तिनं अॅप्रन काढून खुर्चीवर टाकला.

विभागात मॅडमनी तिच्या प्रवेशाच्या अर्जावर सही केली आणि पेन खाली ठेवलं. "माझं मत तुमच्या बाजूनं नव्हतं, हे माहीत असू द्या."

"हाव, मॅडम."

लातूरला अव्वाला फोन केला. मागून मल्लिनाथचा आवाज आला, "किती दिवस टिकते ते बघू."

पहिल्या सत्रात ती फिजिकल केमिस्ट्रीत चार मार्कांनी गेली. बाकी सगळ्यात पास, अॅनालिटिकलमध्ये वर्गात दुसरी. पण निकालाच्या यादीसमोर उभ्या दहा वर्षांनी लहान मुलींना तिच्या नावापुढची ती एकच खूण दिसली. एक जण दुसरीच्या कानाशी लागली. सुकन्याला बसस्टँडचा बाक आठवला. त्या दिवशी सरळ तिथं जाऊन बसावंसं फार वाटलं.

ती मॅडमच्या खोलीत गेली. 'बसा' म्हणायची वाट न बघता म्हणाली, "मला हा विषय येत नाही. पाया कच्चा आहे. तुम्ही शिकवाल का?"

सौदामिनी मॅडमनी मान वर केली नाही. त्या पेपर तपासत होत्या.

"मुलाखतीत मी काय म्हणाले होते, लक्षात आहे?"

"आहे."

"माझं मत अजून तेच आहे." त्यांनी पान उलटलं. "मंगळवारी चारला या. बी.एस्सी.चं पहिल्या वर्षाचं पुस्तक आणा, एम.एस्सी.चं नको. पाच मिनिटं उशीर झाला तर दार लावून घेईन."

मंगळवारी सुकन्या पावणेचारलाच दाराबाहेर उभी होती.