पहिल्या बसचं लॉगिन

काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, लोकांच्या खासगी गोष्टी खासगी ठेवायला मदत करते. खोटं आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना दुसऱ्याच्याच खासगी गोष्टी हव्या असतात. बायकोचा फोन उघडून द्या म्हणतात, भागीदाराचे मेल काढून द्या म्हणतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, यावरच आमची वकिली चालते. रावेतला 'सायबर वकील' म्हणून पाटी लावली तेव्हा शेजारचे झेरॉक्सवाले काका पासवर्ड विसरले की माझ्याकडे यायचे, आणि मी त्यांच्यावर खेकसायचे. कंपन्यांवर मात्र माझा आवाज कधी चढला नाही.

चाकणच्या एका कंपनीचं काम माझ्याकडे होतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. परदेशातल्या गिऱ्हाइकाला कागद हवा होता की आमची ड्रॉइंग्ज तुमच्याकडे सुरक्षित आहेत. म्हणून माझ्याकडून धोरण लिहून घेतलं. ज्याचं लॉगिन त्याची जबाबदारी, हे त्यातलं मुख्य कलम. चांगलं लिहिलं होतं मी, अगदी पळवाट राहणार नाही असं. मग कामगारांना ते समजावायला मला शॉपफ्लोअरवर नेलं.

तिथे क्वालिटीच्या टेबलावर ती मला पहिल्यांदा भेटली. चऱ्होलीची, तिथल्या जुन्या घरातली. आयटीआय केलेली, सात वर्षं कंत्राटावर काढून नुकतीच कंपनीच्या पटावर आलेली, अजून प्रोबेशनवर. तयार माल मोजमाप करून पास करायचा आणि कॉम्प्युटरवर नोंद करायची, हे तिचं काम. शिफ्टमध्ये त्या एका कॉम्प्युटरवर पाच जण बसत. मी विचारलं, प्रत्येक जण आपापलं लॉगिन करतो ना?

ती हसली. "न्हाई मॅडम. पयला येतो तो करतो, मग दिवसभर त्याच्यावरच सगळे. हा डबडा चालू व्हायलाच धा मिनिटं लावतो. पाच जणांनी बंद-चालू करत बसलं तर लाइन कोण चालवणार?"

"आणि पहिलं कोण येतं?"

"मीच की. आमची चऱ्होलीची बस वीस मिनिटं आधी पोचती. बाकीच्यांच्या बशी चौकात अडकून पडत्यात."

म्हणजे रोज त्या टेबलावर जे जे होतं ते सगळं हिच्या नावावर. बाकी चौघं मान हलवून हसत होते. लपवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, तिला तर आपण सगळ्यांची सोय करतो याचं थोडं कौतुकच होतं. सुपरवायझर शेजारीच उभा होता, त्यालाही हे ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, हे धोक्याचं आहे, तुझ्यासाठी जास्त. मी लिहून कळवते, तुझं नाव घेणार नाही. ती म्हणाली, "बरं झालं, तुमी सांगितलं तर ऐकतील."

मी लिहिलंही. अहवालात चार ओळी होत्या: एकच लॉगिन पाच जण वापरतात, कारण कॉम्प्युटर जुना आहे, वेगळी सोय करा, तोवर नोंदींवरून कोणा एकाला दोषी धरू नका. दुसऱ्या दिवशी एचआरच्या हेडचा फोन आला. हा माणूस प्रत्येक वाक्याच्या आधी 'बघा, आपण एक कुटुंब आहोत' म्हणतो आणि नंतर कुणाला तरी घराबाहेर काढतो. म्हणाला, "बघा मॅडम, आपण एक कुटुंब आहोत. हा अहवाल गिऱ्हाइकाचे ऑडिटर बघणार. त्या चार ओळी काढा. आम्ही आतल्या आत सुधारून घेतो."

काढल्या. दोन मिनिटांचं काम होतं. सुधारून घेतलं का, हे मी एकदाही विचारलं नाही.

चार महिन्यांनी एका नव्या भागाचं ड्रॉइंग बाहेर गेलं. क्वालिटीच्या त्याच कॉम्प्युटरवरून, दुपारच्या सुट्टीत, बाहेरच्या एका पत्त्यावर. गिऱ्हाईक भडकलं. त्याला नाव हवं होतं आणि कॉम्प्युटरच्या नोंदीत नाव तयारच होतं. तिला निलंबित केलं, चौकशी लावली. चोर सोडून संन्याशाला फाशी देताना निदान चोराचा शोध तरी घेतात म्हणे. इथे तेवढेही कष्ट कोणी घेतले नाहीत. मला कंपनीच्या बाजूने सल्लागार म्हणून बसायला बोलावलं, आणि मी गेले.

का गेले? कारण चाकणमध्ये एक एचआर दुसऱ्या एचआरला फोन करतो आणि तुमचं दुकान बंद होतं. माझे वडील कासारवाडीत राहून तीस वर्षं लेथवर उभे राहिले, साहेबापुढे बोलायला कधी घाबरले नाहीत. मला त्यांनी वकील केलं ते याचसाठी, असं ते सांगत फिरायचे. असो.

चौकशी कॉन्फरन्स रूममध्ये होती. एसी इतका गार की तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. तिच्या बाजूने बोलायला टेबलावरचा एक सहकारी येणार होता, त्याच्या ऐनवेळी पोटात दुखायला लागलं. त्याच पाच जणांतला तो. बाकीच्या तिघांनी लेखी दिलं होतं की आम्ही कायम आपापलंच लॉगिन वापरतो. सुपरवायझरने तर असा प्रकार आपल्या कानावरही नाही म्हणून सांगितलं. ती एकटीच समोर बसली होती. चौकशी अधिकाऱ्याने माझं धोरण वाचून दाखवलं. माझं इंग्रजी, माझं कलम, खाली तिची सही.

"सही तुमचीच?"

"व्हय."

"मग जबाबदारी कोणाची?"

"लॉगिन माझं हाय, पर काम सगळेच त्याच्यावर करत्यात. सुट्टीत मी डबा खायला गेलते. आन् हे मी आधीच सांगितलंय."

"कुणाला सांगितलंत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत खरं काय ते फक्त आम्हा दोघींना आणि एचआरच्या हेडला माहीत होतं. हेड मोबाइलमध्ये बघत होता. मी बोलले असते तर दोन वाक्यांत काम झालं असतं: मला सांगितलं होतं, मी लिहिलं होतं, कंपनीने ते काढायला लावलं. माझ्या लॅपटॉपमध्ये पहिला मसुदा तसाच होता. पण क्लायंटचं गुपित वकिलाने फोडू नये असा नियम आहे, आणि तो मी मनातल्या मनात इतक्या वेळा घोकला की मलाच तो पटला. पळवाटा शोधून देण्याबद्दलच माझं नाव आहे. त्या दिवशी स्वतःसाठी मी एकही शोधली नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, "नाव सांगा. कुणाला सांगितलंत?"

तिने माझ्यावरची नजर काढली. मग टेबलाकडे बघत म्हणाली, "आता आठवत न्हाई."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. हेडने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

संध्याकाळी मी गाडी बाहेर काढली तर ती गेटबाहेर रस्त्याच्या कडेला उभी. कार्ड काढून घेतल्यामुळे कंपनीच्या बसमध्ये तिला घेत नव्हते. मी दार उघडलं, ती बसली. आळंदीच्या रस्त्याला लागलो. एचआरला, त्या चार घाबरटांना, सुपरवायझरला, मी मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. शिव्या देताना निदान स्वतःकडे बघावं लागत नाही. चऱ्होलीच्या अलीकडे नव्या इमारती लागल्या तशी ती म्हणाली, इथं सोडा, पुढं मी चालत जाते.

मी गाडी थांबवली. ती उतरली नाही लगेच.

"ताई, मी तुमचं नाव घेतलं न्हाई," ती म्हणाली. "घेनार व्हते. मग वाटलं, तुमालाबी पोट हाय. एकीचं गेलं तेवढं बास झालं."

त्या दयेचा मला इतका राग आला की तिच्यावर ओरडावंसं वाटलं. अगं, घ्यायचं होतंस नाव. मला चारचौघांत विचारायचं होतंस. गाडी वळवून परत जायला अजून वेळ होता, अधिकारी कागद आवरत असेल, मसुदा असलेला लॅपटॉप मागच्या सीटवर बॅगेत होता. मला हे सगळं दिसत होतं. माफ कर म्हणायला मी तोंड उघडलं आणि शब्द निघाला तो "थँक्यू".

"सावकाश जा," म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात तिला कामावरून काढल्याचं पत्र तयार झालं. कायद्यात कुठे अडकायला नको म्हणून ते माझ्याकडे तपासायला आलं. दोन ठिकाणी भाषा ढिली होती, ती मी पक्की करून दिली.