कमानीची जागा

मी आज जो कोणी आहे तो माझ्या आत्यामुळे. आई गेल्यावर तिनं मला वरवंडजवळच्या आमच्या गावात वाढवलं, लोकांच्या उसात खुरपणी करून शिरूरच्या कॉलेजात पाठवलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आता त्याच शिरूरमध्ये मी शिकवतो, आणि वर्गात उभा राहिलो की अजूनही तिचे उसाच्या पानांनी चिरलेले हात आठवतात.

रस्ता रुंद झाला तेव्हा त्यात तिचं घर गेलं. घरकुल मंजूर झालं, पण ते बांधायला जागा नव्हती. एस.टी. स्टँडमागं पंचायतीची जागा रिकामी पडली होती. ती मागायला आम्ही दोघं सरपंचांकडं गेलो. ते ओसरीवर खुर्चीत बसून पोहे खात होते. बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आत्याला त्यांनी पोहे संपेपर्यंत उभं ठेवलं. मग हात धुऊन म्हणाले, "भाच्याला शिकवलंस ना? त्याच्या डिग्रीवर पत्रा टाक आन् ऱ्हा तिच्यातच."

ओसरीच्या कडेला बसलेली त्यांची माणसं हसली. आत्याही हसली, कारण हसण्यावाचून तिच्या हातात काही नव्हतं. ते हसणं मी विसरलो नाही.

ती सणसवाडीला गेली. एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची, भाड्याच्या खोलीत राहायची. माझ्याकडं ये म्हटलं तर म्हणायची, "तुझ्या संसारात मी कशाला?" खोलीचं भाडं दर वर्षी वाढे. मग तिनं दूध बंद केलं. कोरा चहा प्यायची आणि मला सांगायची, "दुधानं पित्त हुतं रं."

यंदा कळलं, त्याच जागेवर गावाची स्वागतकमान आणि बाग होणार. ठराव ग्रामसभेत यायचा होता.

आमच्याकडं ग्रामसभेची एक रीत आहे. पहिल्या हाकेला कुणी जात नाही. माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि थोड्या वेळानं तीच सभा पुन्हा भरते. तेव्हा किती माणसं हवीत याचं बंधन नसतं. सरपंचांची दहा-बारा माणसं हात वर करतात आणि गावाचा पैसा कुठं जायचा ते ठरतं. त्या दिवशी शेजारच्या गावात बैलगाडा शर्यत होती. सभा तहकूब झाली तशी ती माणसंही गाड्या काढून शर्यतीच्या घाटाकडं पळाली. सरपंचांनी अडवलं नाही. विरोधाला कोण येणार?

मी आलो. माझं मत अजून गावातच आहे. घरकुल मंजूर असून जागा नसलेल्या वस्तीवरच्या बायांना मी आधीच सांगून ठेवलं होतं : पहिल्या हाकेला घरात बसा, दुसऱ्या हाकेला या.

चावडी भरली. सरपंच ग्रामसेवकाकडं बघत म्हणाले, "कमान म्हंजी गावाची इज्जत हाय."

"इज्जत शिजवायची कशावर?" एक म्हातारी म्हणाली. "शिलिंडर संपलं की आमी काटक्या येचतो."

"बाई, ह्यो विकासाचा निधी हाय."

"मग आमचा करा की इकास. का कमानीखाली निजू?"

"निजा. पावसाची तेवढीच सोय," सरपंच हसून म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

त्यांनी शर्यतीला गेलेल्या आपल्या माणसांना फोन लावला. पलीकडून फक्त शर्यतीतली 'भिर्रर्र'ची आरोळी आणि शिट्ट्या ऐकू आल्या. "आरं या की माघारी!" ते ओरडले. तिकडं कुणाला काही ऐकू जात नव्हतं.

मी उठलो. म्हणालो, "सरपंच, आत्यानं पत्रा टाकून बघितला. माझी डिग्री लहान पडली. जागा द्या."

त्यांचं तोंड उतरलं. ते मी पोटभर बघितलं. कमानीच्या बाजूनं दोन हात वर झाले, घरकुलांच्या जागेसाठी सगळी चावडी. लोकांना न्यायाचा आनंद झाला असेल. मला सूड घेतल्याचा झाला, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

फोनवर सांगितलं असतं तर आत्या 'जाऊ दे, गोड बोल त्यांच्याशी' म्हणाली असती. म्हणून पत्र पाठवलं :

तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

जागा मिळाली. कमानीसाठी आखलेल्या जागेतच तुझं घर होईल. पायाचा नारळ फोडायला सरपंचांनाच बोलाव. निवडणूक जवळ आली आहे, ते येतील. त्यांना चहा दे, पण कोरा. विचारलं तर सांग, दुधानं पित्त होतं.

तू म्हणशील, दारी आलेल्याला बसायला द्यावं. सगळ्यांना दे. सरपंचांना मात्र सगळं होईपर्यंत उभं ठेव. तुझ्याच्यानं व्हायचं नाही, म्हणून मी आदल्या दिवशीच येतो. खुर्च्या मी मोजून मांडीन.

तुझा भाचा