पंख्यावरचं नाव

आमच्या आर्वीच्या एका देवळात पंख्याच्या प्रत्येक पात्यावर दात्याचं नाव रंगवलंय. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून दाता समोर बसला असेल तर पंखा बंद. भर मे महिन्यात मी तिथे घामाघूम बसलोय.

शेजारच्या ताईनं कापूस मोजायच्या काट्यासाठी सॉफ्टवेअर बनवलं. काट्यावरचं वजन थेट छापील पावतीवर. कोड खुला, कोणीही तपासावा. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी ते घेतलं, कारण फुकट होतं. मग अडलं की हिला फोन, जणू पगारावर ठेवलीय. त्या नादात तिच्या शिकवण्या सुटल्या. ती म्हणाली, "दोन महिने पाह्यतो. खर्च निघाला त ठीक, नाई त पुण्याची नोकरी धरतो."

मी पत्रकं छापली, पावतीपुस्तक घेतलं आणि तिच्या खर्चासाठी गणपतीसारखी वर्गणी मागत फिरलो.

"फुकटची चीज हाये न बे? मंग पैसे काऊन मागून राह्यला?" पहिलाच अडत्या.

"तुमच्या पोरीच्या लग्नात मंडपवाला फुकट आलता का?"

हाकललं मला. दहा दुकानांतून चहासुद्धा नाही.

शेवटी सगळ्यात मोठा व्यापारी म्हणाला, वर्षाचा खर्च मी एकटा देतो. "फक्त वजनाच्या पावतीवर दाता म्हणून माह्यं नाव टाकजो. वरतं, मोठ्या अक्षरात." मी हुरळलो, पैशाचं पाकीट घेतलं, वर्गणीची पावती फाडली. ताईला विचारलंच नाही. माझा गाढवपणा.

ताई भडकली. "ज्याच्या काट्यावर मोजलं, त्याचंच नाव पावतीवर? शेतकरी इस्वास ठेवन का त्या वजनावर? जाय, वापस करून ये."

मी व्यापाऱ्याला म्हटलं, सॉफ्टवेअरमधल्या आभाराच्या पानावर नाव टाकतो.

"तिथं कोन पाह्यते बे?" त्यानं पाकीट हिसकावलं. आठवड्यात देवळात नवा पंखा लागला.

ताई पुण्याला गेली. ऐन हंगामात त्याच व्यापाऱ्याचा फोन. "नवा प्रिंटर घेतला, पावती निघून नाई राह्यली. बोलाव तिले!"

"कोड खुला आहे, शेठजी. उघडा अन् करा दुरुस्त."

फोन ठेवताना गार वाटलं, खोटं कशाला बोलू? पण परवा माझा मामा त्याच व्यापाऱ्याला कापूस विकून आला. वजन सिगारेटच्या पाकिटावर पेनानं लिहिलेलं, त्यातही एक आकडा खोडून वर दुसरा.

"हे आता कोनाले दाखवू?" मामानं विचारलं.