माशांचा पांजरपोळ

आमच्या घोडेगावात जाळीशेठइतकी मासे धरायची जाळी कुणी विकली नाहीत आणि जाळीशेठइतकं माशांसाठी कुणी हळहळलंही नाही. ही दोन्ही कामं ते एकाच गादीवर बसून करत. गिऱ्हाइकाला जाळं गुंडाळून देताना त्यांचे ओठ हलायचे. एकदा निरगुडसरच्या एका पावण्यानं विचारलं, "शेठ, जाळ्यावर मंतर टाकताय का? मंग लई मासं घावतील का?"

"नवकार म्हणतोय," शेठ म्हणाले. "कमी घावावेत म्हणून."

पावण्यानं जाळं गादीवर ठेवलं, चपला घातल्या आणि मंचरचा रस्ता धरला. समोरच्या माझ्या फोटो स्टुडिओतून मी हे बघत होतो. इतका हसलो, की खुर्चीत बसवलेल्या नवरदेवाचा फोटो हलला.

शेठ जैन, आजोबा राजस्थानातून आलेले. घरात कांदासुद्धा शिरत नसे. दुकान दोर, सुतळी, घमेली आणि खिळ्यांचं. नव्वदच्या दशकात डिंभ्याच्या धरणात पाणी चढू लागलं आणि नदीकाठची वावरं एकेक करून बुडाली. त्यातलंच एक हिराबाईचं. ही बाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली आणि जाळं मागू लागली. शेठनी कानांना हात लावले. हिराबाई हलली नाही.

"माझं वावर पान्याखाली गेलं, शेठ. आता पान्यात पिकंल तेच काढायचं. एक तर जाळं द्या, न्हाईतर वावर द्या."

वावर देणं शेठच्या हातात नव्हतं. त्यांनी मुंबईहून जाळं मागवलं आणि ते विकलं त्या दिवशी उपास केला. पुढं प्रत्येक जाळ्यामागं एक दिवस एकवेळ जेवायचं असा त्यांनी नेमच धरला. धंदा वाढत गेला तसे शेठ वाळत गेले.

माझं उलट होतं. मी जन्माचा मासेखाऊ, आणि वर हौशी गळवाला. दुपारी जेवून स्टुडिओ उघडला, की शेठ रस्त्यापलीकडून विचारायचे, "फोटोवाले, आज काय?"

"वाम."

"मोठी होती?"

"हातभर."

"अरेरे!" ते डोळे मिटायचे. "सांगायची काय गरज होती?" दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःच विचारायचे. मी आमटीभात खाल्ला असला तरी "मरळ" म्हणून सांगायचो. त्यांचा चेहरा बघायला मजा यायची. आता ते आठवलं, की मजा येते आणि घास जरा अडकतोही.

चातुर्मासात शेठ जाळी विकत नसत. मासे त्याच दिवसांत अंडी घालतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना आपला नियम पाळायचा होता. जाळी माळ्यावर गेली, की शेठचा चेहरा चार महिने धुतल्यासारखा दिसायचा. एका पावसाळ्यात मात्र मच्छरदाण्यांचा खप फार वाढला. शेठ खूश. लोकांना आरोग्याचं कळू लागलं, असं त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मग हिराबाईनं येऊन सांगितलं, "शेठ, तुमच्या मच्छरदान्या पान्यात हायत. बोटाएवढी पिलंबी सुटंनात. तुमची जाळी बरी म्हनायची." शेठ गादीवरून उठले, आत गेले आणि दोन दिवस बाहेर आले नाहीत.

बाहेर आले ते कल्पना घेऊनच. "फोटोवाले, म्हाताऱ्या गाईंसाठी आपण पांजरपोळ काढतो. माशांसाठी का नको?"

"मासे म्हातारे होईपर्यंत मी थांबलो तर ना!" मी म्हणालो.

ते हसले नाहीत, कामाला लागले. धरणाच्या पाण्याची एक चिंचोळी जीभ डोंगराच्या ओघळीत शिरलेली होती. उन्हाळ्यात ती कोरडी पडली, तेव्हा शेठनी बैलगाड्या भरून बाभळीच्या फांद्या आणवल्या, दुकानातल्या निळ्या नायलॉन दोरानं त्यांचे भारे बांधले आणि दगड लावून ओघळीत मांडले. पावसात पाणी चढलं, की भारे बुडतील. जाळं टाकलं तर काट्यांत फाटेल. मासे आत बसतील, पिलं वाढवतील. हिराबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "जाळी तुमीच इकता आन् ती फाडायला काटंबी तुमीच मांडता? दुकान लई चालनार, राव!"

पहिल्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि तोवर गावकऱ्यांनी भारे सरपणाला नेले. हिराबाईनं स्वतःच कबूल केलं, "तुमचा पांजरपोळ ब्येस जळला, शेठ. धूर अजाबात न्हाई." शेठनी दुसऱ्या वर्षी दुप्पट फांद्या मांडल्या. त्या टिकल्या. आणि मासे खरंच आले. नुसते आले नाहीत, सगळ्या धरणातली मरळ जणू तिथं राहायला आली. शेठ काठावर उभे राहून हात जोडायचे. पाण्यात काहीच दिसायचं नाही, पण त्यांना ते पुरायचं.

मासे एका जागी जमले, की माणसंही त्याच जागी जमतात, एवढं साधं गणित आम्हा कुणालाच सुचलं नाही. जाळी फाटत होती, पण गळाला काटा आडवा येत नाही. पुण्याहून मोटारसायकलींवर टोप्या घातलेले हौशी लोक यायला लागले. त्यांच्याकडं दोरा गुंडाळायचं चाक असलेल्या गळाच्या काठ्या आणि पाण्यावर उड्या मारणारे रबरी बेडूक होते. त्यातला एकजण मांडीएवढी मरळ उचलून काढलेल्या फोटोचा रोल माझ्याकडं धुवायला देऊन गेला. फोटो असा झकास होता, की मी मोठा करून शोकेसमध्ये लावला. खाली लिहिलं, 'डिंभे'. आठ दिवसांत चौघे रस्ता विचारायला आले. मी अभिनयासह सांगितला. वळणं हातानं काढून दाखवली.

शेठ कधी शोकेसपाशी थांबत नसत. त्या दिवशी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"फोटोवाले, याच्या मागं काय दिसतंय?"

"पाणी."

"पाण्यात?"

मी वाकून बघितलं. पाण्यातून बाभळीची टोकं वर आली होती आणि एका टोकाला निळा दोर लोंबत होता.

शेठ चष्मा खिशात घालून रस्ता ओलांडून गेले. ओरडले असते तर मी चार विनोद करून सुटलो असतो. मी तिथल्या तिथं फोटो काढला आणि त्या जागी हललेला नवरदेव लावला. पण रस्ता सांगून झाला होता. तो कसा परत घेणार?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून ओघळीवर नेलं. हिराबाईनं बोट दाखवलं. पाण्यावर तांबूस पिलांचा एक गोळा वळवळत होता, उकळी फुटल्यासारखा. "मरळ पिलांखाली ऱ्हाऊन राखन करती," ती म्हणाली. "ह्ये लोक बेडूक बरूबर पिलांवर टाकत्यात. तिला वाटतं, बेडूक पिलं खातोय. झडप घालती आन् घावती. तिला भूक न्हाई, शेठ, तिला राग आल्याला असतो. मंग मागं पिलं ऱ्हात्यात, दुसऱ्यांच्या तोंडी."

"काढून टाका सगळं," शेठ म्हणाले. "फांद्या काढा. मी त्यांना बोलावून मारतोय."

"आता? आत पिलं हायत की. उपसलं तर तीबी जात्याल."

ठेवावं तर पाप, काढावं तर पाप. मी शेठकडं बघू शकलो नाही. परत येताना ते मागच्या सीटवर एवढंच म्हणाले, "रविवारी मला सोडायला या. फोटो तुम्हीच लावला होता."

रविवारी भर धंद्याचं दुकान मुलावर टाकून शेठ ओघळीवर जाऊन बसले. सोबत चार कप्प्यांचा भलामोठा डबा: मेथीच्या पुऱ्या, मुगाची डाळ, खाखरा, लोणचं. पुण्याचे लोक आले तसं त्यांनी हाक मारली, "या, आधी पोटभर जेवा. मग गळ टाका." धरणावर फुकट घरचं जेवण! सगळे मांडी घालून बसले. शेठ आग्रहानं वाढत होते आणि वाढताना सांगत होते, ही बाभूळ कशी आणली, पिलांखाली आई कशी असते. गळ टाकू नका, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. जेवण झाल्यावर त्या लोकांना काठी उचलता येईना. एकजण म्हणाला, "काका, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." आणि ते धरणाच्या दुसऱ्या अंगाला निघून गेले.

असे कितीतरी पावसाळे. काही निगरगट्ट जेवायचे आणि गळही टाकायचे. तेव्हा शेठ पाठ करून बसायचे. मी स्कूटर हाकायचो, पुऱ्या खायचो आणि माझी काठी झुडपात लपवून ठेवायचो. हिराबाईही ओघळीच्या तोंडापासून लांब जाळं लावू लागली. तिच्या घरात त्यानं कधी कमी शिजलं, हे शेठना ठाऊक होतं. त्याचीही टोचणी त्यांनी लावून घेतली.

पुढं गुडघे गेले आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. संवत्सरीला मात्र ते हट्टानं मुलाला घेऊन गाडी करून आले. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायचा तो दिवस. मला बरोबर घेऊन गाडी ओघळीपर्यंत नेली. शेठ दार उघडून आतच बसून होते. ओल्या गवतात जीवजंतू असतात म्हणून पाय खाली टेकवत नव्हते. हिराबाई जाळं खांद्यावर घेऊन आली. शेठनी हात जोडले.

"हिराबाई, मी तुम्हाला जाळं विकलं. मग तुमच्या तोंडचा घास अडवायला इथं येऊन बसलो. दोन्हीची माफी द्या."

"न्हाई देत," हिराबाई म्हणाली.

शेठचा मुलगा दचकला. मीही दचकलो.

"माफ केलं, की तुमी यायचं बंद कराल. मंग या बेडूकवाल्यास्नी जेवू कोन घालनार?"

शेठ हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. "म्हणजे पुढच्या वर्षी यावंच लागणार," ते म्हणाले. मी स्वतः घ्यायला येतो, असा शब्द मी मोठ्या थाटात दिला.

पुढची संवत्सरी त्यांनी बघितली नाही.

त्या संवत्सरीला मी एकटाच ओघळीवर गेलो. काठी नेली नव्हती. खरं सांगायचं तर नेली होती. डिंभ्यातल्या एका चहावाल्याकडं ठेवून आलो. हिराबाई काठावर जाळं झटकत होती. मी शेठची बातमी सांगितली. तिचे हात थांबले. मग ती पुन्हा जाळं झटकू लागली.

"आता तुमी येत जा, भाऊ."

"मी? मी कशाला?"

"का? तुमी काय कमी मासं खाल्ल्यात?"

शेठ डबा उघडून बसायचे त्या जागी मी खाली बसलो.