दुर्बिणीच्या पोटातला काळा रंग

आमच्या घरी बैल नव्हते. जानेफळात ही लपवायची गोष्ट नसली तरी मिरवायचीही नव्हती, कारण पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैलांच्या मागे असतं. बाबा शाळेत मास्तर, शेत वीतभरही नाही. मग त्या दिवशी ते आपली दुर्बीण अंगणात काढायचे आणि शेजाऱ्यांकडे शिंगं रंगवून उरलेला ऑइल पेंट तिच्या नळीला लावायचे. कधी निळा, कधी हिरवा, एका वर्षी तर चक्क सोनेरी. आई तिला कुंकू लावून पुरणपोळीचा घास दाखवायची. गावानं तिला 'गुरुजींचा बैल' म्हणायला सुरुवात केली, आणि मला शाळेत त्याचा फार राग यायचा. आता कोणी तसं म्हणावं म्हणून जीव तुटतो.

आई गेल्यावर बाबांनी दुर्बीण जुन्या चादरीत गुंडाळून बाजेखाली सारली ती सारलीच. गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःहून दुर्बिणीची आठवण काढली. त्यांना काचबिंदू आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीचाही भरवसा धरू नका. तिथून एसटीनं घरी आलो. रात्री जेवताना बाबा म्हणाले, गुरूचे चार चंद्र एकदा बघून घ्यायचे आहेत. बस, एवढंच मागितलं.

मी दुर्बीण बाहेर ओढली. धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारागिरानं पत्रा वाकवून केलेली चार फुटांची नळी, जागोजागी रंगाचे टवके उडालेले. एका टवक्यात निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली सोनेरी असे थर दिसत होते. मी सगळे पोळे त्यात मोजत बसले. मग पॉलिश पेपरनं कडा घासल्या, रंग लावला, आणि बाहेरून बैल पुन्हा झोकात उभा राहिला.

आतल्या काळ्या रंगाचीही खपली निघत होती. तिचा चुरा नळीच्या तळाशी बसवलेल्या आरशावर पडलेला. मी आयुष्यभर पंचायत समितीत कारकुनी केली. काम दिसलं की उरकून टाकायचं आणि कोणाला विचारायचं नाही, ही माझी खोड. आरसा सोडवून घेतला, आतला जुना काळा खरवडून काढला, आणि फाटकासाठी आणलेला काळा पेंट आत लावून टाकला. काळा तो काळा. आरशासारखा चकचकीत झाला, म्हणून मी स्वतःवर खूषही होते.

रंग वाळल्यावर दिवेलागणीनंतर बाबांना अंगणात बसवलं. गुरू चांगला वर आला होता. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि मग विचारलं, "आतून कशानं रंगवलं?" मी सांगितलं. ते म्हणाले की सगळीकडे दूध सांडल्यासारखं दिसतंय. मी बघितलं तर खरंच, समोरच्या खांबावरच्या दिव्याचा उजेड त्या चकचकीत रंगावरून आतल्या आत उड्या मारत होता.

तेव्हा मला कळलं की मी काय खरवडलं होतं. ती आईची काजळी होती. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून ती काजळी धरायची, आमच्या डोळ्यांत घालायची तीच. ती डिंकाच्या पाण्यात कालवायची, बांगड्या कोपरापर्यंत सारायची, आणि जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन नळीत हात घालायची. आधी एका तोंडानं, मग दुसऱ्यानं. बाबांचा हात जाड, आत गेला की अडकायचा. आईनं दिलेला काळा चमकत नसे, उजेड पिऊन टाकायचा. हे सगळं मी लहानपणी दारात बसून पाहिलं होतं आणि तरी फाटकाचा पेंट लावला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

पुन्हा सगळं घासलं. एरंडेल मिळवलं, ताटली शोधली. एका बैठकीत चिमूटभर काजळी निघते. आई कशी करत असेल, देव जाणे. आठ दिवस माझी बोटं आणि नाक काळं होतं. बाबा रोज सकाळी विचारायचे, झालं का? मी चिडायची. चिडायची स्वतःवरच, बोलायची त्यांना. त्या आठ दिवसांत त्यांची नजर किती उतरली, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, आठ दिवसांनी फरक पडत नाही. मला ते पटत नाही.

नवव्या दिवशी मी दुर्बिणीत गुरू धरला आणि त्यांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी डोळा लावला. गुरू सरकत होता, मी नळी सरकवत होते. तीन वेळा सरकवली. त्यांनी डोळा काढला तेव्हा मी विचारलं, दिसले का?

"गुरू दिसते. चंद्र नाई दिसले माय," ते म्हणाले. मग नळीवरून हात फिरवत म्हणाले, "अंधार मात्र तुह्या मायच्या हातचा झाला."

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं. आणि माझं कौतुक तर त्यांनी मी मॅट्रिकला पहिली आले तेव्हाही केलं नव्हतं. हे कौतुक माझं होतं की आईचं, मी विचारलं नाही. अर्धं जरी माझं असलं तरी मला पुरतं.