देवघरातले दीडशे जीबी

"एक जीबी म्हणजे नेमका किती, ते हातात धरून दाखवा इंजिनिअरसाब," अप्पा म्हणाले आणि तळहात पुढे केला.

अप्पांचं आयुष्य तुरीच्या व्यापारात गेलेलं. पोत्यात नळी खुपसून नमुना काढायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा, मग तोंड उघडायचं. लातूरला मी वीस वर्षं नेटवर्क बसवतो, पण जीबीचा नमुना मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

यांचं गाव उदगीरच्या पुढे, पार सीमेला टेकलेलं. तिथं मोबाईलला रेंजची एक काडी आली तर माणसं ती बघायला शेजाऱ्याला बोलावतात. फायबर तर वेशीवरूनच परत फिरतं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच गच्चीवर सॅटेलाइट इंटरनेटची छत्री लावली. ती सुनेसाठी. शिल्पा पुण्याच्या कंपनीत नोकरीला, नवरा इथं डाळमिल बघतो, म्हणून ती घरून काम करते.

तर महिन्याचा दीडशे जीबीचा कोटा दोन्ही महिने तिसऱ्या दिवशीच संपला. उरलेले सत्तावीस दिवस मीटिंगमध्ये शिल्पाचा चेहरा पासपोर्ट फोटोसारखा थिजलेला. तिच्या साहेबांनी बजावलं होतं, अजून एक महिना बघतो, नाहीतर पुण्याला येऊन बसा. तो तिसरा महिना कालच सुरू झाला होता. शिल्पा गेली की तिची चार वर्षांची लेक गौरीही जाणार. अप्पा गौरीला मांडीवरून उतरू देत नव्हते.

मी तीन प्लॅनचे कागद पसरले. पहिला, लिमिट संपलं की शटर बंद. दुसरा, 'अनलिमिटेड', पण खाली मुंगीच्या अक्षरात एफयूपी.

"ह्ये काय?"

"अप्पा, खानावळीतली अनलिमिटेड थाळी. पहिल्या चार पोळ्या गरम येतात. पाचवी मागितली की वाढपी दिसेनासा होतो. पोळी बंद नाही, पण येता येता संध्याकाळ होते."

"आन तिसरा?"

"तिसऱ्यात पोळ्या जास्त. पण वाढपी तोच."

"मग तिसराच घेऊ. लई पोळ्या असू द्या."

इथं मी सही घेऊन उठायला हवं होतं. पण मला ते दीडशे जीबी टोचत होते. तेवढ्यात उदगीरचा अख्खा बसस्टँड महिनाभर रील बघेल. या घरात माणसं पाच. तिसरा प्लॅन घेतला तरी दहाव्या दिवशी शिल्पाचा पुन्हा पासपोर्ट फोटो होणार.

कोण खातंय? अप्पांचा संशय सुनेच्या ऑफिसवर. सुनेचा संशय ओट्यावर पत्ते कुटणाऱ्या अप्पांच्या मित्रमंडळावर. सासूबाईंचा संशय, नेहमीप्रमाणे, अप्पांवर. मी घरातल्या वस्तूंची यादी मागितली. फोन चार, लॅपटॉप एक, बैठकीतला टीव्ही, गेटवरचा कॅमेरा. सगळ्यांचं मिळून दिवसाला दोन जीबीसुद्धा होईना.

मग मी राउटरचा ग्राफ उघडला. माणूस डेटा वापरतो तेव्हा ग्राफ डोंगरासारखा असतो, चढतो, उतरतो. झोपला की सपाट. इथं दुपार असो की पहाटेचे तीन, रेघ एकाच उंचीवर. आखल्यासारखी.

"अप्पा, तुमच्या घरात कुणीतरी झोपतच नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून घंटेचा आवाज आला. उठून गेलो. देवघर. समयांच्या मधोमध भिंतभर टीव्ही आणि त्यावर एका देवस्थानचं लाइव्ह दर्शन. फुल एचडीत. पिंडीवरचा बेलाच्या पानाचा देठसुद्धा मोजता येईल इतकं स्वच्छ.

"हा टीव्ही यादीत नव्हता."

"त्यो टीव्ही न्हाई. देवघर हाय त्ये," अप्पा म्हणाले.

"कधीपासून चालू आहे?"

"तुम्ही छत्री लावून गेलात, त्या सांजेपासून. नंदादीप इझवतेत का कुणी?"

शिल्पानं कपाळावर हात मारला, पण तोंड फिरवून. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

बंद करा म्हणायची माझी छाती नव्हती. मी रिमोट मागितला आणि सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर क्वालिटी सगळ्यात खाली आणली. डेटा लागतो तो चित्राच्या बारकाव्याला. बारकावे कमी, भूक कमी. पिंडी धूसर झाली, बेल म्हणजे नुसता हिरवा ठिपका.

अप्पांचा चेहरा पडला. "महादेव धुक्यात गेल्यावानी दिसायलाय की."

"तिथं गाभाऱ्यात जाता तेव्हा कसा दिसतो? दोन समया, मरणाचा धूर आणि पुढे चार जणांची डोकी."

गौरी अप्पांच्या खांद्यावर पेंगली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पिंडीकडे पाहिलं. मग रिमोट माझ्या हातातून घेतला, पुसला आणि समईमागे ठेवून दिला.

"ऱ्हाऊ द्या असाच."

प्लॅन जुनाच, दीडशे जीबीचा ठेवला. महिना पार पडला, महिन्याअखेरीला थोडे जीबी उरलेसुद्धा. शिल्पाच्या साहेबांनी घरून कामाला मान्यता दिली. अप्पांचा फोन आला. मला वाटलं, आभार.

"आमच्या साडूच्या घरी दर्शन बघून आलो. लई चकचकीत. दुकानात मांडल्यावानी. खरं दर्शन तर आपल्याच घरी घडतंय."

आता कुणी विचारलं की कुठला प्लॅन घेऊ, तर मी कागद काढत नाही. आधी चपला काढतो आणि देवघर बघून येतो.